जरा टेकते

आमच्या घरात ‘स्लीपर’ हा एकच शब्द तीन वस्तूंना पुरायचा. पायात घालायची ती स्लीपर. लांबच्या गाडीतला, रात्री आडवं होता येतं तो डबा स्लीपर. आणि रुळाखालचा तो स्लीपर, ज्याच्यावर आमचं घर चालायचं. बाबा खर्डीच्या पट्ट्यात गँगमन होते. मेन लाइनला किलोमीटरमागे १६६० स्लीपर, हा आकडा त्यांना पाढ्यासारखा पाठ होता.

शाळेत ‘स्लीप म्हणजे झोपणे’ शिकून आलो त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, तुमचे स्लीपर म्हणजे झोपलेले. ते म्हणाले, “झोपले असते तर बरं होतं. खालची खडी सैल झाली की नाचतात मेले.”

पुढे कळलं, की रेल्वे यायच्या कितीतरी आधीपासून इंग्रज सुतार जमिनीवर आडव्या टाकलेल्या तुळईला स्लीपरच म्हणत. म्हणजे त्यांनाही आडवं होणं आणि झोपणं एकच वाटत होतं, आपल्यासारखंच. १८६१ साली रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले, आणखी चार वर्षांनी थळ घाट चढून इगतपुरीला गेले, आणि गाडीबरोबर हे सगळे शब्दही आमच्या वाटेने वर चढले. वेटिंग रूम, हॉल्ट, रेस्ट. त्यातला मला सगळ्यात आवडतो तो रनिंग रूम. ड्यूटी संपवून आलेले ड्रायव्हर आणि गार्ड जिथे झोपतात, त्या खोलीचं नाव रनिंग रूम! धावणाऱ्यांची खोली म्हणून रनिंग, हे खरं. पण लहानपणी मला वाटायचं, तिथे माणसं झोपेतसुद्धा पळत असतील.

रेल्वेत साप्ताहिक सुट्टीला सुट्टी म्हणत नाहीत, रेस्ट म्हणतात. “उद्या माझी रेस्ट आहे.” ती रविवारी असेलच असं नाही. आमच्याकडे तर नसायचीच, कारण रविवारी ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद. मुंबईची माणसं घरी लोळत असतात तेव्हा रुळांना उसंत मिळते, आणि रुळांना उसंत मिळाली की गँगला काम. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. रविवार खंडोबाचा, हेही त्यांनी मालकांना सांगितलं होतं. ती हकिगत मी बाबांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, “मग ब्लॉक कोण घ्यायचं?”

आणि रेस्टच्या दिवशी तरी काय? पावसाळ्यात त्यांची रेस्ट म्हणजे आवणी, भाताची लावणी. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर वाकलेले. शेजाऱ्यांनी विचारलं तर आई सांगायची, “आज घरी आहेत, रेस्ट आहे.” या वाक्यातला विनोद आम्हांला फार उशिरा कळला.

असाच एक विनोद आठवीत झाला. धड्यात ‘शांत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. आम्ही त्यातला ल ठणठणीत म्हटला. सर म्हणाले, ल सायलेंट आहे, म्हणा ‘काम’. सगळा वर्ग हसत सुटला. गोऱ्यांची शांती म्हणजे आपलं काम! सरांनाही हसू आवरेना. आजही कोणी इंग्रजीत शांत राहायला सांगितलं की मला वाटतं, आता हातात फावडं देतील.

रजेचा अर्जही त्याच वर्षी शिकवला. ‘डॉक्टरांनी मला रेस्ट घ्यायला सांगितले आहे’ हे वाक्य आम्ही इंग्रजीत घोटून घोटून पाठ केलं. ‘टेक रेस्ट’. इंग्रजाच्या तोंडी हे सहसा यायचं नाही. आपल्या ‘विश्रांती घ्या’ला कोट चढवून आपणच ते उभं केलं. पण गंमत बघा, घेणं हे क्रियापद आलं की देणाराही आला. डॉक्टर रेस्ट देतो, साहेब रेस्ट देतो. रेस्ट हाऊस असतं साहेबाचं. इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या विश्रांतीला बहुतेक वेळा कोणाची तरी सही लागते.

झोप मात्र मराठीत कोणाकडून घ्यावी लागत नाही. ती लागते. तहान लागते, भूक लागते, ठेच लागते, तशीच. डोळा लागतो, पेंग येते, माणूस लवंडतो, कलंडतो, पाठ टेकतो. यातलं एकही क्रियापद अर्जात लिहिता येत नाही.

एकदा ताप अंगावर काढून काढून आई दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस कम्प्लीट बेडरेस्ट. मी तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, “आनि पानी कोन भरील?” आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया टँकरची वाट बघतात. बेडरेस्ट हा शब्द आईच्या तोंडी कधी बसला नाही. बेडही नव्हता म्हणा.

तिचा शब्द वेगळा होता. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन येताना चढ संपला की एका दगडाशी ती थांबायची. मोळी उतरवायची नाही, कारण पुन्हा चढवायला दुसरं माणूस हवं. दगडाला पाठ लावून म्हणायची, “जरा टेकते.” तेवढंच. मराठीत विसावा आहे, पालखीचा असतो, तिरडीचाही असतो. पण विसाव्याला निदान ओझं खाली ठेवतात. टेकणं त्याच्याही अलीकडचं. इंग्रजीत यासाठी शब्द असेल, मला सापडला नाही.

मी आता कसारा लोकलने मुंबईला जातो. खर्डी ते सीएसएमटी एकशे सात किलोमीटर. पहाटे साखरझोप मोडून निघालेली माणसं आसनगाव यायच्या आत पेंगायला लागतात. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलेला माणूससुद्धा मान टाकतो. कोणी अनोळखी शेजाऱ्याला सांगून ठेवतो, “दादा, कल्याणला उठवा हं,” आणि दादा उठवतात. या झोपेला ना रोस्टर आहे, ना कुणाची सही.

तेव्हा कधी या गाडीला बसलात आणि शेजारच्याची मान तुमच्या खांद्यावर आली, तर खांदा काढून घेऊ नका. कल्याणला तो उतरेलच.