घरी बांधलेली जीप आणि हरवलेली अर्थ

कारखान्यातून आलेली गाडी बिघडते तेव्हा तिचा एखादा भाग बिघडलेला असतो. घरी बांधलेली गाडी बिघडते तेव्हा बहुधा भाग सगळे चांगले असतात, फक्त दोघांचं आपापसात जमलेलं नसतं. ईएमईत वीसेक वर्षं ग्रीसमध्ये काढल्यावर एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

इंग्लंडात सुट्या भागांचा संच आणून घरी गाडी बांधायचा शौक जुना. 1957 मध्ये आलेली लोटस सेव्हन लोक संच म्हणून घ्यायचे, कारण तयार गाडीवरचा खरेदीकर त्यात वाचायचा. आपल्याकडे संच आयता मिळत नाही, आपण तो जमवतो. भटिंड्याच्या पोस्टिंगमध्ये हे जवळून पाहिलं. शेजारची मंडी डबवाली जीप बांधणाऱ्यांसाठी प्रसिद्ध. चासी लिलावातली, इंजिन दुसऱ्या गाडीचं, अल्टरनेटर तिसरीचा. रंग कुठलाही, फक्त ऑलिव्ह ग्रीन नाही. तो नियमानं संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

तिथेच तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब भेटले. पेन्शनीच्या पैशांतून त्यांनी डिझेल जीप उभी केली होती. दर पंधरवड्याला पत्नीला शहरातल्या इस्पितळात न्यायचं, हे तिचं मुख्य काम. आणि नेमकी इस्पितळाच्या दारात, गरम झाल्यावर, ती सेल्फ घेत नसे. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, सेल्फ एकदा बांधून झाला. मिस्त्री आता इंजिनच बदला म्हणत होता. पत्नीनं बसनं जायचं ठरवून टाकलं होतं.

"साब, इसको कबाड़ में दे दूँ?" त्यांनी विचारलं. आवाजात चिडचिड कमी, दुःख जास्त.

पाना उचलण्याआधी तीन प्रश्न विचारायचे असतात: कधी होतं, आणखी काय विचित्र दिसतं, आणि त्रास सुरू होण्याआधी शेवटचं काम कोणतं झालं? उत्तरं अशी. गरम झाल्यावर होतं. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा उडी मारतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कधीकधी हाताला चटका देते. शेवटचं काम म्हणजे चासीला पावडर कोटिंग.

निम्मं निदान इथेच झालं. आता मोजायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि साहेबांना सेल्फ मारायला सांगितलं. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आला 2.6.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन ते चासी एक जाड अर्थ पट्टी लागते. कोटिंगच्या वेळी ती काढली गेली आणि परत लागलीच नाही. डिझेल इंजिनाचा सेल्फ दोनशे अँपिअरच्या आसपास सहज ओढतो. हा करंट बॅटरीकडे परतायला वाट शोधत अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. तापलेल्या तारेचा विरोध वाढतो, म्हणून गरम गाडी अडायची. आणि त्याच केबलला खेटून डिझेलचा पाइप बांधलेला! इथे प्रश्न नुसता गाडी चालू होण्याचा राहिला नव्हता.

दोन्ही जागी रंग खरवडून चकचकीत धातू काढला, पट्टी आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. आकडा 0.2. काट्याची उडीही थांबली, कारण मीटरची अर्थही तीच होती.

पण गाडी चालू होते हे कळल्यावर ती थांबते का, हेही बघावं लागतं. दहा किलोमीटरनंतर पुढची चाकं हात जवळ नेताच भाजत होती. पुढे डिस्क नवीन, मास्टर सिलिंडर मात्र जुन्या जीपसारखा फ्लोअरखाली, ड्रमसाठीचा. ड्रमच्या लाइनीत थोडा दाब, साधारण 10 पीएसआय, मुद्दाम राखलेला असतो. डिस्कला तो चालत नाही, पॅड घासत राहतात. डॉट 3 ब्रेक ऑइल ओलावा धरलेलं असेल तर 140 अंशांच्या आसपासच उकळू शकतं, आणि मग पेडल सरळ फ्लोअरला टेकतं. पुढच्या लाइनीत डिस्कसाठीचा 2 पीएसआयचा वॉल्व्ह बसवून, हवा काढून घेतल्यावरच साहेबांना किल्ली परत दिली.

तेव्हा अशी गाडी बांधणाऱ्या मित्रांनो, दोन वेगळ्या गाड्यांचे भाग जिथे भेटतात, तिथून शोध सुरू करा. मोजल्याशिवाय काही बदलू नका. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही. अर्थची पट्टी स्वस्त असते, दोन बॅटऱ्या नसतात. इंजिन किंवा चासी बदलली असेल तर आरटीओत नोंद करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधून सुटका नाही.

आणि एक वही ठेवा. सैन्यात प्रत्येक गाडीला लॉगबुक असतं, तुमच्या गाडीला त्याची गरज जास्त आहे. कारखान्याच्या गाडीचं मॅन्युअल छापून मिळतं, तुमच्या गाडीचं जगात कुठेच नाही. कोणती तार कुठून कुठे, फ्यूज किती अँपिअरचा, ब्रेकचा कोणता भाग कोणत्या गाडीचा, सगळं लिहा. उद्या तुम्ही घरी नसाल आणि गाडी रस्त्यात अडेल, तेव्हा अनोळखी मिस्त्र्याच्या हातात ती वही असली पाहिजे.

जय हिंद!