चिरे

जुन्या गोव्यातून फोंड्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक कमान लागते. नुसती कमान. दोन्ही अंगांना काळ्या दगडाचे खांब, माथ्यावर कोनाडा आणि क्रूस. आत शिरावं तर आत काहीच नाही, पलीकडे झाडी. सेंट पॉल कॉलेजच्या चर्चचं हे दार. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली याच कॉलेजात आला.

मग बाकीची इमारत कुठे गेली? पणजीला.

साथींनी जुनं गोवं ओस पाडलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. इकडे घडीव चिरा आयता पडलेला असताना खाणीत नवा कोण काढत बसणार? १८३० च्या सुमारास कॉलेज उतरवलं आणि सामान नव्या शहराच्या कामाला लावलं. त्याआधी १८२० मध्ये आदिलशहाच्या वाड्याचीही तीच गत झाली. त्याची काळी चौकट तेवढी सेंट कॅजेटन चर्चसमोर उरली आहे. पणजीतल्या एखाद्या जुन्या भिंतीचा गिलावा पडून आतला तांबडा, भोकाभोकांचा जांभा उघडा दिसला की मी थांबते. हा आधी कुठल्या भिंतीत होता?

दगड दुसऱ्यांदा कामाला आला याचं मला वाईट वाटत नाही. तो आला कुठून, हे पुसलं जातं याचं वाटतं. ही पाडापाडी चर्चपासून सुरू झालेली नाही, हेही विसरू नये. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं. देव नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला.

सेंट ऑगस्टीनच्या घंटेचा पत्ता मात्र पुसला गेला नाही. मोन्ते सांतोच्या टेकडीवर १६०२ मध्ये पुरं झालेलं ते भव्य चर्च. १८३५ मध्ये धर्मसंघांना गोव्यातून घालवलं आणि ते बेवारस झालं. १८४१ मध्ये घंटा उतरवून आग्वादच्या दीपगृहात नेली. एवढी अवजड वस्तू मनोऱ्यावरून दोरांनी खाली सोडताना खालच्या माणसांनी श्वास कसे रोखले असतील! पुढच्याच वर्षी चर्चचं छत कोसळलं. तीस वर्षं ती आग्वादला राहिली, समोर समुद्र. १८७१ मध्ये तिला पणजीच्या चर्चमध्ये आणलं. नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं ते चर्च. माथ्यावरच्या मधल्या कमानीत ती टांगलेली दिसते. सी कॅथेड्रलची ‘सोन्याची’ म्हणतात ती घंटा सोडली तर गोव्यात एवढी मोठी दुसरी नाही. पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून ती ऐकावी. टोला आधी छातीत बसतो, मग कानाला कळतो. घरघर विरायच्या आत दुसरा पडतो. खाली रिक्षावाले गिऱ्हाइकाशी घासाघीस करत असतात, शाळा सुटलेली असते. ज्या मनोऱ्यासाठी ती ओतली त्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये दर्शनी भिंतीसकट ढासळला. उरलेला सुळका अजून उभा आहे. मूळचा मनोरा ४६ मीटरचा होता म्हणतात, आणि त्या उरलेल्या तुकड्याखाली मान वर करून पाहताना ते पटतं.

त्याच ढिगाऱ्यात जॉर्जियाची राणी केतेवान होती. धर्म सोडायला नकार दिला म्हणून शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराजला तिला मारलं. ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्याला आणले. कुठे ठेवले, ते पोर्तुगीज कागदांत खिडकीच्या खुणेसह लिहिलेलं होतं. २००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला हाडं मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, तर वंशखूण अशी निघाली की भारतातल्या हजारो नमुन्यांत ती नव्हती, जॉर्जियातल्या माणसांत होती. २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला जाऊन अवशेषांचा काही भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला. तिकडे ती संत आहे.