मध्यगा की मध्यक?

अकरावी सायन्सच्या पहिल्याच आठवड्यात क्लासमध्ये मी उभी राहून विचारलं, "सर, मीडियन म्हणजे मध्यगा की मध्यक?" मराठी माध्यमात त्रिकोणाची मध्यगा वेगळी, संख्याशास्त्रातला मध्यक वेगळा, इंग्रजीत दोघांना नाव एकच. प्रश्न रास्त होता. पण वर्ग हसला, सरही हसले आणि पुढच्या गणिताकडे वळले. त्यानंतर दोन वर्षं मी त्या वर्गात तोंड उघडलं नाही.

मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नव्हती. ती उंडाळ्याची, मी मसूरची. क्लास साडेतीनला सुटायचा, माझी गाडी पाचला, तिची त्याच्याही नंतर. कराडच्या स्टँडवर बाकड्यावर बसून त्या दीड तासात आमचा खरा अभ्यास व्हायचा. तिचे वडील झेरॉक्सच्या दुकानात कामाला, त्यामुळे पाठकोऱ्या कागदांची ददात नव्हती. बारावीत कराडातलीच इंग्रजी माध्यमाची एक मैत्रीण आम्हांला येऊन मिळाली. तिला सूत्रं तोंडपाठ, आम्ही शब्दांपाशी अडायचो. पण 'हे असं का?' म्हटलं की तीही अडायची.

2017 च्या सीईटीला गणिताचा पेपर 90 मिनिटांचा, प्रश्न 50, प्रत्येकी 2 गुण. म्हणजे एका गणिताला 108 सेकंद. आकडा जपमाळेचा, म्हणून डोक्यात पक्का बसला. चुकलं तरी गुण कापत नसत, त्यामुळे क्लासमध्ये 'ठोकून द्या' असा सल्ला सर्रास मिळायचा. स्टँडवर तो चालत नसे. उत्तर आलं तरी बाकीच्या दोघींना पटेपर्यंत गणित सुटलं म्हणायचं नाही, हे ठरलेलं.

इंटिग्रेशनचं एक गणित असंच तीन दिवस अडलं होतं. वर साइनचं वर्गमूळ, खाली साइनचं वर्गमूळ अधिक कॉसचं वर्गमूळ. शून्यापासून पाय बाय टूपर्यंत. कराडची म्हणाली, "एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स टाका, दोन्ही मिळवा, उत्तर पाय बाय फोर. झालं." उत्तर बरोबर होतं. पण तसं टाकायचं का, ते तिला सांगता येईना.

उंडाळ्याची बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "अगं, हे तर कोटिकोन!" तिनं काटकोन त्रिकोण काढला. उरलेल्या दोन कोनांची बेरीज 90 अंश. एकाचा साइन तोच दुसऱ्याचा कॉस. तिच्या गावचे सर कॉसला कोटिज्या म्हणायचे. ज्या म्हणजे साइन, कोटिकोनाची ज्या ती कोटिज्या. इंग्रजीतल्या कोसाइनचा अर्थही हाच, हे मला पुढं कॉलेजात कळलं.

मग तिनं वहीचं पातळ पान फाडून त्यावर आलेख काढला. डावीकडे शून्यातून निघून उजवीकडे एकपर्यंत चढत जाणारी रेघ. पान उलटं केलं आणि उन्हासमोर धरलं. तीच रेघ आता डावीकडे एकवर होती, उजवीकडे शून्याला टेकलेली.

"रेघेखालची जागा बदलली का? पान तेच आहे ना? आणि सुलट्या रेघेची उंची नि उलट्या रेघेची उंची, कुठंही मिळव, बेरीज एकच येते."

दोन्ही जागा मिळून पाय बाय टू लांबीचा, एक उंचीचा आयत. त्याचा निम्मा पाय बाय फोर. कराडची मैत्रीण ते पान हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिली. माझी पाचची गाडी त्या दिवशी गेली.

सीईटीत गणितात मला 100 पैकी 74 पडले, उंडाळ्याच्या मैत्रिणीला 86. ती आज गणितच शिकवते. आधी मराठी शब्द सांगते, मग इंग्रजी. क्लासमधलं ते हसू आठवलं की मला अजून वाईट वाटतं. ते ऐकून आणखी किती मुलांनी आपले प्रश्न गिळले असतील!

यंदा मराठी शाळेतून सायन्सला गेलेल्यांनो, वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा, एकात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी. ती वही घेऊन कुणाच्या तरी शेजारी बसा. आमच्या यादीत पहिला शब्द मध्यगा होता.