पाठीवरून ओळखलेलं विमान

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात खेळ चालत नाहीत आणि मोबाइल तर सुट्टीवर निघतानाच हातात पडतो. त्यामुळे माझं सगळं उड्डाण वर्षातून दोनदा होतं, दिवाळीत आणि मे महिन्यात, नाशिकला आत्याकडे. आत्तेभाऊ इंजिनिअरिंगला आहे. कॉम्प्युटर त्याचा, जॉयस्टिक त्याची, वीजबिल आत्याचं. हाऊसमधले मित्र याला 'गेम' म्हणतात. पूर्वी मी वाद घालायचो, आता घालत नाही. ज्या खेळात सुरुवातीची पंधरा मिनिटं फक्त स्विच चालू करण्यात जातात, तो त्यांना आवडणारही नाही.

फ्लाइट सिम्युलेटर बनवणारी कंपनी आपल्याबरोबर थोडीच विमानं देते. बाकीची विमानं बाहेरचे लोक बनवतात आणि ती आपण वरून जोडायची, म्हणून त्यांना ॲड-ऑन म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर १९८२ चा. त्यांचा 'एफएसएक्स' २००६ मध्ये आला आणि २००९ च्या जानेवारीत कंपनीने तो बनवणारा स्टुडिओच बंद केला. तरी पुढे दहा-दहा वर्षं लोक त्यावर उडत राहिले, कारण हौशी मंडळी नवी विमानं बनवत राहिली. इंग्लंडमधला डीन क्रॉफर्ड हा थरारकथा लिहिणारा कादंबरीकार आहे, आणि तोच 'डीसी डिझाइन्स' या नावाने एफ-१५ आणि एफ-१४ बनवून विकतो. 'इंडियाफॉक्स्टएको' नावाचा एक गट आहे. नाव वाचून मला आधी वाटलं की आपलेच कोणीतरी असणार. निघाले इटलीचे! त्यांनी त्यांच्या हवाई दलाचं एमबी-३३९ बनवलं. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये शस्त्रं चालतच नाहीत. लोक लढाऊ विमान विकत घेतात ते नुसतं उडवायला.

विमान बनवायचं म्हणजे आधी ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आकार उभा करायचा. हे काम दिसतं मोठं, पण भाऊ म्हणतो की त्यातल्या त्यात तेच सोपं. मग कॉकपिटमधला प्रत्येक स्विच, त्याचा आवाज, तो दाबल्यावर कोणता दिवा लागतो, कोणता पंप सुरू होतो, आणि बॅटरी बंद असेल तर त्यातलं काय काय होणार नाही, हे सगळं लिहून काढायचं. शेवटी उड्डाणाचं गणित: किती वेगाला, किती कोनात पंख किती उचल देतो आणि हवा किती अडवते, याचे तक्ते. आकार चुकला तर फोटो बघणाऱ्याला कळतं. तक्ता चुकला तर ज्याने ते विमान खरंच उडवलंय त्यालाच कळतं, आणि असा माणूस एखादा तरी गिऱ्हाइकांत निघतोच.

यातली काही विमानं फुकट असतात. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरसाठी स्वयंसेवकांच्या एका गटाने काही वर्षं खपून ए-४ स्कायहॉक बनवलं आणि वाटून टाकलं. विकत घ्यायचं तर त्याच सिम्युलेटरमधलं एक लढाऊ विमान पन्नास डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे चार हजार रुपयांहून जास्त. माझा हरियाणाचा बेडमेट हा आकडा ऐकून उठूनच बसला. एवढ्या पैशांत खरी सायकल येते, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. शिवाय घेतल्यावर धास्ती वेगळीच. २०२४ मध्ये एफ-१५ई बनवणारा रॅझबॅम हा गट आणि डीसीएस चालवणारी ईगल डायनॅमिक्स यांच्यात पैशांवरून आणि करारावरून वाद जुंपला. गटाने काम थांबवलं, आणि ज्यांनी विमान विकत घेतलं होतं ते दुरुस्त्यांची वाट बघत बसले.

तरीही भावाने एक विमान घेतलं. सेलमध्ये, अर्ध्या किमतीत, महिनाभर बाहेरचं खाणं बंद करून. मिग-२१ बिस. लेदरनेक नावाच्या छोट्या गटाने ते २०१४ मध्ये आणलं, आता तो गट मॅग्निट्यूड थ्री नावाने ते सांभाळतो. पैसे वसूल झाले का हे मला विचाराल तर मी इंधनाच्या काट्याबद्दल सांगेन.

मिग-२१ चा इंधनाचा काटा टाकीत डोकावत नाही. किती लिटर भरलंय तो आकडा वैमानिकाने उड्डाणाआधी स्वतः खुंटी फिरवून लावायचा. मग इंजिनाकडे किती इंधन गेलं ते मोजून यंत्र तो आकडा कमी करत जातं. म्हणजे आकडा चुकीचा लावला तर टाकी रिकामी झाली तरी काटा इंधन दाखवत राहतो. भावाचं इंजिन एकदा हवेतच विझलं तेव्हा काटा अगदी निवांत होता. हे बनवणाऱ्यांना तो सरळ टाकीला जोडून टाकता आला असता. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना कळलंही नसतं. पण खऱ्या विमानात तसं नव्हतं, म्हणून यांच्याही विमानात नाही.

असंच समोरच्या पॅनेलवरच्या पांढऱ्या उभ्या पट्टीचं. मला आधी वाटलं ती शोभेसाठी आहे. पण विमान स्पिनमध्ये गरगरायला लागलं की डावं-उजवं कळेनासं होतं, तेव्हा स्टिक त्या पट्टीच्या रेषेत धरायची, म्हणजे ती नक्की मधोमध येते. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पुढचं चाक आपण वळवू शकत नाही, म्हणून वळायचं त्या बाजूचं पेडल दाबून स्टिकवरचा लिव्हर आवळायचा. धावपट्टीपर्यंत जाताना प्रत्येक वळणाला 'फुस्स' असा आवाज येतो. आणि उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. पेपरात या विमानाला कसली कसली नावं ठेवलेली मी वाचली होती. मागे छत्री उघडेपर्यंत धावपट्टी कशी संपत येते ते पडद्यावर बघितल्यावर, जे पोरगे वयाच्या बाविसाव्या वर्षी हे खरंखुरं करत होते त्यांच्याबद्दल मी जरा गप्प झालो.

आता आबा. आमचे आजोबा ओझरच्या एचएएलमध्ये एअरफ्रेम फिटर होते. कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठीच उभारलेला. सांगाडा ओझरला बनायचा आणि इंजिन ओडिशात कोरापूटला. आबा लागले तेव्हा बिसचं काम सुरू होतं आणि ते १९८७ पर्यंत चाललं. घरात आम्ही मिग हा शब्द कमी आणि 'पंचाहत्तर' जास्त ऐकला, कारण बिसला सगळे टाइप पंचाहत्तर म्हणत, आणि त्याआधीच्या एफएलला सत्त्याहत्तर. मला लहानपणी वाटायचं की हे पाढ्यातलं काहीतरी आहे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगढला मिग-२१ निवृत्त झालं. आम्ही मेसमधून परतताना टीव्हीवर पाहिलं. त्या रविवारी फोनची पाळी आली तेव्हा मी आबांना विचारलं, "पाहिलंत का?" ते म्हणाले, "पाहिलं." आणि मग मेसमध्ये भाजी कोणती होती ते विचारत बसले.

दिवाळीत भावाने त्यांना कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली. मी विमान बाहेरून फिरवून दाखवत होतो. त्यांनी चष्मा वर केला.

"हा पंचाहत्तर," ते म्हणाले. "पाठ बघ याची, किती भरलेली आहे. सत्त्याहत्तरची पाठ सडपातळ होती."

"आबा, हे कॉम्प्युटरवरचं आहे."

"असू दे की. पाठ तीच आहे ना."

मग त्यांनी तपासणीच सुरू केली. नाकाचा सुळका वेगाबरोबर पुढे सरकतो का, छत्री शेपटीखालून कुठून निघते, सगळं परत परत करून दाखवायला लावलं. ब्रेकची 'फुस्स' ऐकून मान डोलावली. तक्रार एकच. विमानावर तेलाचे ओघळ आणि उडालेला रंग दाखवला होता. "इतकं मळलेलं? आमच्याकडून असं गेलं असतं तर इन्स्पेक्टरने तिथूनच परत पाठवलं असतं." भाऊ समजावायला लागला की याला वेदरिंग म्हणतात आणि ते करायला जास्त कष्ट पडतात. आबांना ते पटलं नाही.

मग त्यांनी जे विचारलं ते मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "यांना ड्रॉइंग कुठून मिळाली?"

मी माहीत होतं ते सांगितलं. मिग-२१ जगात दहा हजारांहून जास्त बनली, कितीतरी देशांनी वापरली. हंगेरी, पोलंडसारख्या देशांतली बिस केव्हाच संग्रहालयांत गेली, त्यांची जुनी मॅन्युअलं उघड्यावर विकायला आली. हौशी लोक ती गोळा करतात, कॉकपिटचे फोटो काढतात, निवृत्त वैमानिकांना विचारतात. आबा ऐकत होते. त्यांना उत्साह आलेला पाहून मीही पुढे विचारलं, "मग आपलं बायसन केलं तेव्हा आत काय काय बदललं?" बिसमध्ये नवा रडार आणि नवी यंत्रणा बसवून आपल्याकडे बायसन झालं, आणि ते काम ओझरलाच झालं होतं.

आबा म्हणाले, "चहा झाला का बघ जरा आत."

मी चहा घेऊन आलो आणि पुन्हा विचारलं. "सही करून दिलेली आहे बाळा," ते म्हणाले. "निवृत्त झालो तरी ती आहेच." त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं. विमान निवृत्त होऊन महिना झाला होता, आणि मी काही शत्रू नव्हे, नातू. पण नंतर भावाने दोन गोष्टी सांगितल्या. ईगल डायनॅमिक्समध्ये काम करणाऱ्या एका रशियन माणसाने ई-बेवरून एफ-१६ ची मॅन्युअलं मागवली होती. ती गुप्त नव्हती, पण परवान्याशिवाय अमेरिकेबाहेर नेण्यास बंदी होती. २०१८ मध्ये त्याला जॉर्जियात पकडलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या कोर्टात शिक्षा झाली. दुसरी गोष्ट २०२१ ची. 'वॉर थंडर' या खेळात ब्रिटनचा चॅलेंजर-२ रणगाडा चुकीचा दाखवलाय हे सिद्ध करण्यासाठी, स्वतःला रणगाड्याचा कमांडर म्हणवणाऱ्या एका खेळाडूने मॅन्युअलची पानंच सगळ्यांसमोर टाकली. पहिल्या माणसाची मला थोडी कीव येते. दुसऱ्याची येत नाही. रणगाडा दुरुस्त करून घ्यायला त्याने आत बसणाऱ्यांची माहिती दिली. आम्ही इथे सकाळी फॉल-इनला ज्या ध्वजासमोर उभे राहतो, त्याच्या पुढे 'पण खेळात चुकीचं दाखवलं होतं' हे कारण टिकत नाही.

म्हणून हौशी लोकांच्या हँगरमध्ये सगळी म्हातारी विमानं असतात. नवीन विमान कोणी बनवलंच, तर आतला बराच भाग अंदाजाने भरलेला असतो, आणि प्रामाणिक बनवणारा तसं आधीच सांगून टाकतो.

पण मग म्हातारी विमानं तरी आपली का नाहीत? मारुतचंच बघा. एचएएलने बंगलोरला बनवलेलं, कुर्ट टँकच्या हाताखाली आखलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं विमान. १४७ बनली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली आणि १९९० मध्ये निवृत्त झाली. आतून उघडणारं, प्रत्येक स्विच चालणारं मारुत मी सुट्टीभर शोधलं, मला सापडलं नाही. त्याचा ब्रेक कसा वाजायचा, टॅक्सी करताना ते कुठे ओढायचं, हे ज्यांच्या हातांना माहीत आहे ते आता आबांच्याच वयाचे किंवा त्याहून मोठे आहेत. परदेशातला कोणी कादंबरीकार येऊन त्यांना विचारेल याची वाट बघण्यात मला अर्थ वाटत नाही.

माझ्या वर्गात एक बंगलोरचा मुलगा आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय. मे महिन्यात तो तिथल्या एचएएलच्या संग्रहालयात जाईल आणि मी मुंबईला नेहरू विज्ञान केंद्रातलं मारुत बघायला. ब्लेंडर फुकट मिळतं, भावाचा कॉम्प्युटर आहे. लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर, एवढं पुस्तकातून मिळालं. विमान तयार झालं तर विकायचं की वाटायचं यावर आमचं आत्ताच भांडण झालंय. तो शंभर रुपये म्हणतो. मी फुकट म्हणतो, कारण शंभर रुपये घेतले की लोक दुरुस्त्या मागणार आणि आमचं तर बोर्डाचं वर्ष.

आबांना फोनवर सांगितलं. "मारुत माझं नाही, बंगलोरवाल्यांचं," ते म्हणाले, "त्यातलं मला काही कळत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "फोटोवरून माप काढू नकोस. त्यांची परवानगी घे आणि टेप घेऊन जा. दोन रिव्हेटमधलं अंतर लिहून आण, पुढचं बघू." मग मेसमध्ये भाजी कोणती होती ते विचारलं.