गप्प बसवलेला दिवा

कुंभार्ली घाट उतरताना डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. जुलैचा दुसरा आठवडा, दुपारचे चार वाजलेले, आणि धुकं इतकं की पुढे चाललेल्या एसटीचे फक्त दोन लाल ठिपके दिसत होते. काट्यांच्या मधोमध एका बल्बचं चित्र उमटलं होतं. भोवती किरण, पोटात उद्गारचिन्ह.

"अहो, हे काय लागलंय?" बायकोने विचारलं.

"दिवा," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर यापलीकडे मलाही काही माहीत नव्हतं. लाल लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं, पिवळा लागला तर घाबरायचं नाही पण टाळायचंही नाही, हिरवा-निळा नुसता कळवण्यापुरता. एवढ्या शिदोरीवर मी पंचवीस वर्षं गाडी चालवत आलो होतो. आधीच्या छोट्या गाडीत असला दिवाच नव्हता. तिथे इंडिकेटर नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने टकटकायला लागला की त्या बाजूचा बल्ब गेला असं समजायचं, बाकीच्या दिव्यांचं देवावर. ही गाडी सेकंड हँड घेतलेली, युरोपियन बनावटीची सेदान. तिच्यात सगळ्या गोष्टींना दिवे.

वळणानंतर जरा रुंद जागा दिसली तिथे गाडी घेतली. बायको छत्री घेऊन मागे जाऊन उभी राहिली आणि आमची उजळणी सुरू झाली. "पार्किंग?" "लागले." "इंडिकेटर?" "दोन्ही." "ब्रेक?" या वेळी उत्तर यायला जरा वेळ लागला. "लागलेत. डावा थोडा मंद वाटतो."

"धुकं आहे म्हणून वाटत असेल," मी आतून ओरडलो.

चिपळूणला सासुरवाडीच्या अंगणात पोचेपर्यंत दिवा आपला आपण विझला. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती छत्री झटकत होती.

पुण्याला परतल्यावर गाडीचं पुस्तक काढलं. त्या चित्राखाली एकच ओळ होती. बाहेरचा एखादा दिवा चालत नाही, बल्ब तपासून बदला. पण माझे सगळे दिवे चालत होते! त्यामुळे मी निष्कर्ष काढला की चूक गाडीची आहे. पावसाळी दिवशी तो पिवळा दिवा यायचा, कोरड्या दिवशी जायचा. ही त्याची वेळापत्रकाची शिस्तसुद्धा माझ्या डोक्यात शिरली नाही. मला फक्त चीड यायची. घरात कुणी कारणाशिवाय रुसून बसावं तशी ती गाडी वाटायची.

शेवटी ॲक्सेसरीजच्या एका दुकानात गेलो. तिथला मुलगा चटपटीत. "काका, मागचे ब्रेकचे बल्ब काढून एलईडी टाकू. उजेड जास्त, करंट कमी, बल्ब जायचा विषयच संपला." १,२०० रुपयांत जोडी बसली. लाल उजेड खरंच झकास पडत होता. पण पिवळा दिवा? पूर्वी तो अधूनमधून यायचा, आता मुक्कामालाच आला. शिवाय एका रात्री डिकीतून भाजीच्या पिशव्या काढताना बायको म्हणाली, "ब्रेकवर पाय आहे का तुमचा?" पाय नव्हता. किल्ली फिरवलेली होती एवढंच. तरी मागचे दिवे काजव्यासारखे लुकलुकत होते.

पुन्हा दुकान. मुलगा हसला. त्याच्यासाठी हे रोजचंच होतं. त्याने सोनेरी रंगाचे, अंगावर खाचा असलेले, बोटाएवढे दोन धातूचे तुकडे आणले आणि दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या वायरींना जोडून दुसरं टोक डिकीतल्या पत्र्याच्या बोल्टला आवळलं. "रेझिस्टर टाकलाय. आता नाही येणार लाइट."

नाही आला. लुकलुकही थांबली. सहा आठवडे मी डॅशबोर्डकडे अशा समाधानाने पाहत होतो, जणू कुणाची तरी खोड मोडली.

गणपतीला पुन्हा त्याच घाटाने निघालो. घाट उतरून पोफळीला चहाला थांबलो, तर मागून आलेल्या मालट्रकचा ड्रायव्हर उतरून थेट आमच्याकडेच आला. वयाने माझ्याएवढाच. "साहेब, तुमचा डावा ब्रेक लाइट लागत नाही. एकटा उजवा लागतो. धुक्यात वाटतं तुम्ही उजवीकडं चाललाय. दोनदा मी डावीकडनं काढणार होतो."

माझ्या पोटात गोळा आला. मधला तिसरा ब्रेक लाइट होता की, मी म्हणालो. तो म्हणाला, "काचेच्या आत आहे तो. तुमच्या मागच्या काचेवर बाफ. काय दिसणार?"

मी डॅशबोर्ड पाहिला. स्वच्छ. एकही दिवा नाही. गाडीच्या मते सगळं उत्तम चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा मला बहादूरशेख नाक्याच्या पुढे त्याच्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडे घेऊन गेला. पत्र्याची शेड, साठीचा माणूस, गळ्यात चष्मा. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझीच छत्री मागितली आणि सीट व ब्रेकच्या पॅडलमध्ये घट्ट अडकवली. म्हणजे ब्रेक दाबलेलाच राहिला आणि तो निवांत मागे गेला. मनात म्हटलं, ही युक्ती जुलैत सुचली असती तर बायकोला पावसात उभं राहावं लागलं नसतं.

"दोन्ही बाजूचे गेले असते तर फ्यूज बघितला असता, नाहीतर पॅडलवरचा स्विच," तो म्हणाला. "एकच बाजू गेलीय. म्हणजे बल्ब, होल्डर नाहीतर अर्थ. चौथं काही नसतं बहुतेक."

डावा दिवा त्याने बाहेर काढला. आत पाण्याचे थेंब होते. कडेचं रबर कडक होऊन चिरलं होतं. तो चकचकीत एलईडी पाणी शिरून मेला होता. त्याने तो काढून टेबलावर ठेवला, डब्यातून साधा २१ वॅटचा काचेचा बल्ब काढला आणि होल्डरमध्ये बसवला. बल्ब लागला, पण पिवळट, थकल्यासारखा. आणि गंमत म्हणजे ब्रेकचा बल्ब लागताच शेजारचा डावा इंडिकेटरही अंधूक उजळला.

"हे बघा," त्याने मला जवळ बोलावलं. "याला परत जायला वाट मिळेना, म्हणून शेजाऱ्याच्या घरातून चाललाय."

बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून गेली की तिला परत निगेटिव्हकडे जावं लागतं, आणि मोटारीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. तिलाच सगळे अर्थ म्हणतात. ती अडली की वीज दुसऱ्या बल्बच्या तारेतून आडवाट काढते. त्याने मल्टिमीटरची एक सुई होल्डरच्या अर्थच्या पिनेला आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावली. वाट मोकळी असेल तर तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले ३.२ व्होल्ट. बाराच्या हिशेबातले सव्वातीन व्होल्ट वाटेतच सांडत होते. बल्बच्या वाट्याला उरलंसुरलं.

कपलर उघडला तर अर्थची पिन हिरवीनिळी पडलेली. तांब्याचं भांडं कळकतं ना, तशी. "पुराच्या वर्षी असले हजार बघितले," तो म्हणाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरची गोष्ट. "लोक म्हणायचे गाडी धुतली, वाळवली, चालू झाली. सहा महिन्यांनी एकेक दिवा रुसायचा. बल्ब बदलत बसायचे. बल्बात काय नसायचं. असायचं ते इथे."

मग त्याने मला जे समजावलं, ते गाडीच्या पुस्तकातल्या त्या एका ओळीत असायला हवं होतं.

गाडीला डोळे नसतात. दिवा लागला की नाही हे ती बघत नाही. त्यातून किती वीज वाहतेय ते मोजते. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साधारण पावणेदोन अँपिअर घेतो. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला की ती पिवळा दिवा लावते. दिवा बंद असतानाही ती क्षणाच्या अंशापुरती वीज पाठवून तार शाबूत आहे का ते चाचपते. एवढ्याशा विजेने काचेचा बल्ब तापतसुद्धा नाही, पण एलईडी तेवढ्यावरही चमकतो. आमचे काजवे ते हेच.

म्हणजे जुलैत घाटात बायको म्हणाली दोन्ही लागलेत, ते खरं होतं. डावा मंद वाटतो म्हणाली, तेही खरं होतं. आणि गाडी म्हणत होती की डाव्या बाजूला वीज कमी जातेय, तेही खरंच होतं. दमट हवेत पिनेवरचा गंज वीज अडवायचा, कोरड्यात थोडी वाट द्यायचा. त्या सगळ्यात चुकीचा एकटा मीच होतो.

पुढचं तर अजून लाजिरवाणं. एलईडी जेमतेम दोन-तीन वॅट घेतो, म्हणून तो बसवल्यावर गाडीला वाटलं बल्ब कायमचाच गेला. यावर तोडगा म्हणून लावलेला रेझिस्टर काय करतो? दिव्याच्या जोडीने उभा राहून तेवढी वीज उगीचच खातो. माझा सहा ओहमचा होता. गाडी चालू असताना ब्रेक दाबला की तीसेक वॅट नुसते उष्णतेत. घरातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्याहून जास्त! डिकीचं अस्तर उचललं तर त्याच्या शेजारचं प्लास्टिक तपकिरी पडून वाकलेलं होतं. आणि त्याचं दुसरं टोक वेगळ्या, चांगल्या बोल्टला आवळलेलं. म्हणजे खराब अर्थशी त्याचा संबंधच नाही. दिवा मेला तरी रेझिस्टर आपला इमानाने वीज खात राहिला, गाडी ती मोजत राहिली आणि मला सांगत राहिली की डावा ब्रेक लाइट ठणठणीत आहे.

मी दोष काढला नव्हता. दोष सांगणाऱ्याला पैसे देऊन गप्प बसवलं होतं.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. मग पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि बारीक ब्रशने साफ केल्या. अस्तराखाली अर्थचा बोल्ट होता, त्याच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून आवळला आणि वरून व्हॅसलीन फासलं. दोन्ही रेझिस्टर काढले, उजवीकडचा एलईडीही काढला, साधे बल्ब लावले आणि दिव्याच्या कडेला नवं रबर बसवलं. पुन्हा सुया लावल्या. ०.०४ व्होल्ट. ब्रेकचा उजेड शेडच्या मागच्या भिंतीवर दोन सारख्या लाल वर्तुळांत पडला आणि इंडिकेटर आपल्या जागी शांत राहिला.

"किती झाले?"

"बल्बचे साठ, रबर आणि मजुरी धरून साडेतीनशे द्या. चिपळूणचे जावई तुम्ही." मग जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी शंका आली तर पहिल्यांदा डाव्याचा बल्ब उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे लावून बघा. रोग बल्बाबरोबर सरकला तर बल्ब. जागेवर राहिला तर होल्डर, अर्थ. यासाठी चिपळूणला यायला नको."

पण बल्ब गार झाल्याशिवाय हात लावू नका, आणि पुढच्या हेडलाइटच्या हॅलोजनच्या काचेला तर बोट अजिबात नको, हेही त्याने बजावलं. बोटाचं तेल काचेला लागलं की नेमकी तीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

ते दोन सोनेरी तुकडे मी आणले. टेबलाच्या खणात आहेत.

हल्ली सोसायटीत गाडी लावताना मागच्या भिंतीवर उजेड पाहून घेतो. आणि किल्ली फिरवली की क्षणभर थांबतो. सगळे दिवे एकदम लागतात, त्यात तो पिवळाही. मग एकेक विझतात. तो लागून विझला की बरं वाटतं. पूर्वी त्याचं विझलेलं असणं पुरायचं. आता आधी तो लागतो का ते बघतो.

गेल्या महिन्यात कर्वे रस्त्याच्या सिग्नलला पुढच्या नव्याकोऱ्या गाडीचा डावा ब्रेक लाइट लागत नव्हता. उजवा मात्र झगझगीत, पांढुरका लाल. ओळखीचा रंग. लेन बदलून शेजारी गेलो, काच खाली केली आणि हात केला. तरुण मुलगा. मी भांडायला आलोय असंच त्याला वाटलं असावं. सांगितलं तसं त्याने आधी डॅशबोर्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही हो काका. काही असतं तर गाडीने दाखवलं असतं ना."

सिग्नल सुटला.