“काही नको, फक्त सुटका हवी”?

डोंबिवलीतल्या एका भगिनीसोबत आम्ही कल्याणच्या कोर्टात गेलो होतो. बारा वर्षांचा संसार, परस्परसंमतीने घटस्फोट. कागदावर एक ओळ होती : यापुढे पत्नी कोणतीही आर्थिक मागणी करणार नाही. ती म्हणाली, “ताई, त्याचा पैसा नको, सुटका हवी.” तिचा स्वाभिमान म्हणून आम्ही गप्प राहिलो. चूक आमची होती.

घराचे हप्ते दोघांच्या पगारातून गेले. घर नवऱ्याच्या नावावर, कर्जावर मात्र तिचीही सही. त्याने हप्ते थांबवले तेव्हा बँकेचा फोन तिला आला. घटस्फोटाने लग्न संपतं, बँकेशी केलेला करार संपत नाही.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे, वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा असतो. आपल्याकडे तसं नाही. इथे कागदावर नाव कोणाचं आणि पैसे कोणी भरले याचे पुरावे लागतात.

बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क होता, तसाच स्त्रीच्या मालमत्तेचाही. ते बिल रखडवलं गेलं, हे २७ सप्टेंबर १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. आपण मात्र पहिला हक्क घेतो आणि दुसरा मागताना लाजतो. विहारात बैठक बसते, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली जाते आणि बाई रिकाम्या हाताने माहेरी जाते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. अशी फारकत कोर्टात टिकेलच याची खात्री नाही.

म्हणून सही करण्याआधी कर्जातून नाव कमी केल्याचं बँकेचं पत्र हातात घ्या. हप्ते भरल्याची पासबुकं जपा. दागिन्यांची यादी करा, ते स्त्रीधन आहे. पीएफ आणि विम्याचं नॉमिनेशन तपासा. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात बजावलं आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही.

आपल्या श्रमाचा हिशेब मागणं म्हणजे हाव नव्हे. ती भगिनी आजही नसलेल्या घराचा हप्ता भरते. पुढच्या वेळी आम्ही गप्प राहणार नाही.

जयभीम!