भिगवणच्या पाण्यावर

दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सायंकाळीं आमच्या माजघरांत एक लहानशी मंडळी जमत असते. हे सर्व हौशी छायाचित्रकार. कोणी बँकेंत नोकरीस आहे, कोणी दवाखाना चालवितो, एक बाई महाविद्यालयांत गणित शिकवितात. पोटासाठीं हा धंदा करणारा त्यांत एकहि नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव या मंडळीचे म्होरके असल्यामुळें जागा आमची, आणि चहापोह्यांची व्यवस्था सूनबाईंकडे. भिंतीवर पांढरी चादर ताणावयाची, यंत्रानें तिच्यावर चित्रें पाडावयाचीं, आणि ज्याचें चित्र त्यानें उभें राहून त्यामागची हकीकत सांगावयाची, असा येथील परिपाठ आहे. हकीकत सांगावयाची नसेल तर चित्र दाखवूं नये, हा एकच नियम.

प्रथम मी या बैठकींत केवळ पोह्यांच्या आशेनें बसत असें, हें कबूल केलें पाहिजे. माझें सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें; जें पाहावयाचें तें ग्रंथांत पाहावें, ही जुनी खोड. परंतु एके दिवशीं गणिताच्या बाईंनीं पळसदेवच्या देवळाचें चित्र दाखविलें, आणि माझी बैठक पक्की झाली. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हां नदीकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. जुनें पळसदेव त्यांपैकींच. उन्हाळ्यांत पाणी पुष्कळ उतरलें म्हणजे तेथील प्राचीन देवालय पुन्हां वर येतें. बाईंच्या चित्रांत देऊळ दूर एका कोपऱ्यांत होतें. पुढें नुसता भेगाळलेला गाळ, आणि त्यांत काठीनें ओढलेली एक वांकडी रेघ.

"मी उजेडाची वाट पाहात बसलें होतें," बाई म्हणाल्या, "तों एक वृद्ध गृहस्थ आले. काठीनं त्यांनीं मला दाखवलं, हें आमचं अंगण, ही ओसरी, इथं गोठा. त्यांचा फोटो काढायला माझा हात धजला नाहीं. ते गेल्यावर ती रेघ तेवढी घेतली."

पुढच्या खेपेस डॉक्टर चक्रवाकांचें जोडपें घेऊन आले. चक्रवाक! मेघदूतांतील यक्ष आपल्या एकाकी पत्नीस ज्या पक्षिणीची उपमा देतो, तीच ही चक्रवाकी. दिवसभर जोडीनें राहणाऱ्या या पक्ष्यांची रात्र पडतांच ताटातूट होते आणि ते नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांस साद घालीत राहतात, असा कविसंकेत आहे. हा संकेत मीं वर्षानुवर्षें मुलांना समजावून दिला, परंतु चक्रवाक डोळ्यांनीं कधीं पाहिला नव्हता, आणि "गुरुजी, तो दिसतो कसा?" असें कोणीहि विचारलें नाहीं, हें माझें भाग्य! भिंतीवर पाहिला तों बदकाहून थोर, अंगानें नारिंगी, डोक्यानें फिकट पिवळसर, असा एक भारदस्त पक्षी. डॉक्टर त्या दिवशीं अंधार पडेपर्यंत पाण्याच्या कांठीं बसून राहिले होते. जोडी कांहीं फुटली नाहीं. हे पक्षी रात्रींहि चरतात आणि चरतां चरतां एकमेकांस हांका मारतात; त्या हांकांवरूनच कवींनीं विरह कल्पिला असेल, असें त्यांचें मत पडलें. त्याच रात्रीं मीं कै. मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश उघडला. आणि फेब्रुवारींत पुतण्या भिगवणला निघाला, तेव्हां "मलाहि ने" म्हणून त्याच्या मागें लागलों.

भिगवण पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें शंभर किलोमीटर. पहांटे चारला निघालों आणि झुंजूमुंजू होतांना पाण्याच्या कांठीं पोंचलों. ओल्या गाळाचा आणि मासळीचा वास येत होता. उजनीचा जलाशय सुमारें ११७ अब्ज घनफूट पाण्याचा. तो बांधला उसासाठीं आणि गांवांच्या तहानेसाठीं. पक्ष्यांचा विचार त्यांत कोणी केलेला नव्हता. पण हिवाळा सरतां सरतां कालव्यांनीं पाणी उतरूं लागतें, कांठाला उथळ चिखल उघडा पडतो, त्यांत शेवाळ, शंख-शिंपले, बारीक किडे यांची रेलचेल होते, आणि दूरदूरचे पाहुणे त्या ताटावर येऊन बसतात. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी या पाण्याखालीं गेल्या, त्यांपैकीं कांहींचीं मुलें आज येथें मासे धरतात, आणि हंगामांत नाव घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवितात. आमचा नावाडी असाच एक तिशीचा तरुण होता. शाळा त्यानें लौकर सोडली होती. परंतु पक्ष्यांचीं इंग्रजी आणि मराठी दोन्ही नांवें त्याला मुखोद्गत होतीं, आणि कोणता पक्षी कोणत्या चिखलावर केव्हां येतो, हें पंचांगासारखें सांगत होता.

तासाभरांत जें पाहिलें, तें सारें सांगत बसलों तर जागा पुरणार नाहीं. चमच्यासारखी चोंच पाण्यांत डावी-उजवी फिरविणारे दर्विमुख पाहिले; चोंच मिटली तरी मधें फट राहणारे मुग्धबलाक पाहिले. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे कादंब हंस एका बेटावर शांत बसले होते. हिमालय ओलांडून येणारे हे प्रवासी. त्यांच्याकडे पाहून मला आपल्या गुडघेदुखीची लाज वाटली. आणि चक्रवाक! एका बांधावर दोघे शेजारी शेजारी उभे होते. उन्हाळ्यांत लडाख-तिबेटकडे संसार थाटणारीं, हिवाळ्यांत आमच्या भीमेकांठीं येणारीं हीं जोडपीं. जन्मभर ज्याचें नांव घेतलें, त्याचें दर्शन सरतेशेवटीं असें चिखलाच्या वासांत घडलें. मीं नकळत हात जोडले. पुतण्या हंसला नाहीं, हा त्याचा चांगुलपणा.

मग वळण घेतांच अग्निपंख दिसले. यांनाच रोहित म्हणतात. दोनशेंच्या आसपास असतील. चार फुटांहून उंच, काठ्यांसारखे पाय, आणि माना खालीं. हा पक्षी आपली वांकडी चोंच उलटी करून पाण्यांत धरतो. जिभेनें पाणी आंत ओढून बाहेर लोटतो, आणि चोंचीच्या कडेच्या जाळींत अडकलेलें अन्न खातो. अंगावरची गुलाबी झांकहि त्या अन्नांतूनच येते; पिलें करड्या रंगाचीं असतात. सारा थवा एकाच लयींत पावलें टाकीत होता. पुतण्यानें कॅमेरा लावला. नावाड्यानें बांबू रोवून नाव उभी केली आणि म्हणाला, "गुरुजी, इथूनच बघा. आणखी पुढं नको. त्यांचं खाणं चाललंय."

येथवर सर्व यथासांग झालें. पुढचें सांगतांना लेखणी अडते. रोहित उडाला म्हणजे पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम प्रगट होतो, असें मीं बैठकींत ऐकलें होतें. तो पाहण्याची मला अनावर इच्छा झाली. मीं म्हणालों, "अरे, थोडें पुढें घे. एकदां उडतांना तरी पाहूं दे. या वयांत पुन्हां कधीं येणें होणार?"

"काका, राहूं द्या," पुतण्या हळूच म्हणाला. नावाडी कांहीं बोलला नाहीं. म्हाताऱ्या माणसाचा शब्द कसा मोडावा, हें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. मीं पुन्हां म्हटलें. त्यानें बांबू उपटला.

नाव पंधरा-वीस हात गेली असेल नसेल. एक मान वर आली, मग दहा, मग सगळ्या. खाणें थांबलें. थवा एका बाजूस सरकूं लागला, आणि मग पाण्यावर धांवत सुटला. या पक्ष्याला जागच्या जागीं उडतां येत नाहीं. पाण्यावर पावलें मारीत बरेंच अंतर धांवावें लागतें. क्षणभरांत आकाश लाल-काळें झालें. असें दृश्य मीं जन्मांत पाहिलें नव्हतें, हें खरें आहे. आणि शेजारीं कॅमेऱ्याची टकटक चालली होती. थवा दूर जलाशयाच्या मध्याकडे गेला, लहान झाला, दिसेनासा झाला. "आतां आज यायचे नाहींत," नावाडी म्हणाला.

परततांना समोरून एक मोठी नाव आली. तींत कोणत्याशा खेड्यांतील शाळेचीं दहाबारा मुलें आणि त्यांचे शिक्षक होते. मुलांच्या हातांत वह्या होत्या. पुढच्या टोंकाला बसलेल्या एका मुलीनें ओरडून विचारलें, "आजोबा, अग्निपंख आहेत का तिकडं?" नावाडी माझ्याकडे पाहूं लागला. मीं पाण्याकडे पाहूं लागलों. शेवटीं त्यानेंच सांगितलें, "आत्तांच उडाले, बाळ." त्या मुलांच्या नावेंत उठलेला निराशेचा सुस्कारा अजून माझ्या कानांत आहे. मीं जन्मभर मुलांना शिकविलें. आणि त्या सकाळीं दहाबारा मुलांच्या वह्यांतलें एक पान माझ्या हौसेपायीं कोरें राहिलें.

मार्चच्या बैठकींत पुतण्यानें तें चित्र दाखविलें. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागांत घेतलेलें; पायांखालून उडालेला पाण्याचा थेंब न् थेंब सुटा दिसत होता. मंडळी अवाक् झाली. बँकेंतले गृहस्थ तर उठून भिंतीजवळ गेले. पुतण्यानें पहांटेचें निघणें सांगितलें, उजेड सांगितला, कॅमेऱ्याचीं गणितें सांगितलीं, आणि तो खालीं बसला. मधली गोष्ट त्यानें गाळली होती. कोणासाठीं, हें मला कळलें.

मी उभा राहिलों. "येथें हकीकत सांगण्याचा नियम आहे," मीं म्हणालों, "आणि ती अपुरी राहिली आहे." मग नावाड्याचा शब्द, माझा आग्रह आणि त्या मुलीचा प्रश्न, सर्व सांगितलें. खोलींत कोणी बोलेना. पोहे निवून गेले. शेवटीं डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, माझ्या दवाखान्यांत बगळ्यांच्या थव्याचं चित्र लावलेलं आहे ना, तें मीं दगड मारून उठवून घेतलेलं आहे. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं." त्यांच्यामागून आणखी दोघे बोलले.

छायाचित्रानें जीव जात नाहीं, मग एवढें काय, असें कोणी म्हणेल. पण लांबच्या प्रवासाआधीं हे पक्षी येथें अंगांत शक्ति सांठवीत असतात. उगीच उठविलेला पक्षी ती सांठवण खर्ची घालतो, आणि रोज सकाळीं दहा नावा तेंच करूं लागल्या तर तो ती जागाच सोडतो. इंग्रजींत बंदूक झाडणें आणि छायाचित्र घेणें यांस एकच क्रियापद चालतें, हें मला त्या दिवसापासून खटकूं लागलें आहे.

त्या सायंकाळीं जुन्या नियमाला एक पुरवणी जोडली गेली: चित्र दाखविणाऱ्यानें आपण किती जवळ गेलों आणि मागाहून पक्ष्यानें काय केलें, तेंहि सांगावें. मीं नावाड्याला दूरध्वनि करून ती शाळा कोणती, हें विचारून घेतलें आणि मुख्याध्यापकांस पत्र लिहिलें. यंदाच्या फेब्रुवारींत त्या मुलांना घेऊन आम्ही पुन्हां गेलों. नावाड्यानें जेथें बांबू रोवला, तेथेंच थांबलों. अग्निपंख दूर होते. माना पाण्यांत, पावलें लयींत. तीच मुलगी माझ्या शेजारीं बसली होती. बऱ्याच वेळानें तिनें विचारलें, "आजोबा, हे उडणार नाहींत?"

"आपण इथंच थांबलों तर नाहीं," मीं म्हणालों. तिनें मान हलविली आणि वहींत एक वांकडी चोंच काढूं लागली.

त्या दिवशींच्या पुतण्याच्या चित्रांत पाण्याच्या कडेला गुलाबी रंगाची एक बारीक ओळ तेवढी आहे. एकाहि पक्ष्याचें तोंड दिसत नाहीं. बैठकींत त्याची फारशी वाखाणणी झाली नाहीं. आमच्या माजघरांत आतां तेंच लावलेलें आहे.